हेरिंगची पिंपे आणि मुक्त व्यापाराचे पुराण

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील विक, फ्रेझरबर्ग, पीटरहेड ही बंदरे आणि इंग्लंडचे ग्रेट यार्मथ एके काळी खारवलेल्या हेरिंग माशाच्या वासाने भरून जात. आज हा व्यापार तेथे पाहावयास मिळतो तो मुख्यतः वस्तुसंग्रहालयात. यार्मथमध्ये तर मासे खारवण्याच्या व धुरावण्याच्या एका जुन्या कारखान्यातच २००४ साली संग्रहालय उघडण्यात आले. हेब्रिडीज बेटांवरील स्टॉर्नोवे बंदरात मासे साफ करणाऱ्या मुलींचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. पाहुण्याला अभिमानाने सांगितले जाते की, १९०७ साली या किनाऱ्याने सुमारे २५ लाख पिंपे हेरिंग खारवून परदेशी धाडले. एका पिंपात सातशेपासून हजारापर्यंत मासे बसत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा आवाका कळतो. हे सारे कोणी घडवले? धाडसी व्यापाऱ्यांनी, खुल्या बाजारपेठेने आणि किनाऱ्यावरील कष्टाळू जनतेने, असे उत्तर मिळते. मग ते मोडले कोणी? महायुद्धाने, रशियातील बोल्शेविकांनी आणि माशांच्या लहरीने!

या कथेत कष्टकऱ्याला पुतळ्याची जागा दिलेली आहे, हिशेबाच्या वहीत मात्र ती नाही.

हे पुराण केवळ संग्रहालयाची तिकिटे खपवण्यासाठी सांगितले जात असते, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण निर्यात वाढली की किनाऱ्याचे कल्याण आपोआप होते, सरकारने बाजूला व्हावे आणि बाजाराला काम करू द्यावे, हा जो उपदेश जगभरच्या मच्छीमारांना ऐकवला जातो, त्याचा सर्वांत देखणा दाखला म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता यावे असा हा व्यापार आहे. म्हणूनच त्याची वही उघडून पाहणे अगत्याचे आहे.

तिजोरीच्या खांद्यावर बसलेले धाडस

खारवलेल्या हेरिंगच्या व्यापारात सतराव्या शतकापर्यंत डच अग्रेसर होते. ब्रिटिश सत्ताधाऱ्यांना तो व्यापार हवा होता. त्यासाठी त्यांनी ‘मुक्त स्पर्धे’ची वाट पाहिली नाही, त्यांनी तिजोरी उघडली. १७५० च्या कायद्याने हेरिंगच्या मासेमारीसाठी बांधलेल्या मोठ्या गलबतांना टनामागे अनुदान देण्यात आले, आणि पुढे ते वाढवून टनाला ५० शिलिंगांवर नेण्यात आले. परिणाम काय झाला, हे भांडवली अर्थशास्त्राचा आद्य आचार्य अ‍ॅडम स्मिथ यानेच १७७६ मध्ये लिहून ठेवले आहे. १७५९ साली स्कॉटलंडच्या साऱ्या अनुदानित गलबतांनी मिळून समुद्रावर भरलेली अवघी चार पिंपे आणली, आणि त्या प्रत्येक पिंपासाठी सरकारी तिजोरीतून नुसत्या अनुदानापोटी ११३ पौंड १५ शिलिंग गेले! ही गलबते समुद्रावर जातात ती सरकारी पैशाच्या शिकारीला, असा त्याचा निष्कर्ष होता.

मुक्त व्यापाराचे भाट स्मिथचा हा उतारा आनंदाने पुढे करतात आणि नेमके तेथेच पुस्तक मिटतात. कारण पुढचा इतिहास त्यांना अडचणीचा आहे. अनुदान बंद झाले नाही. ते अधिक हुशारीने देण्यात येऊ लागले. १८०८ च्या कायद्याने हेरिंगसाठी सरकारी मंडळ नेमले आणि ठरलेल्या रीतीने साफ करून खारवलेल्या प्रत्येक पिंपामागे २ शिलिंग देऊ केले. १८१५ मध्ये हा दर ४ शिलिंग झाला. शिवाय सरकारी अधिकारी पिंपांची तपासणी करून त्यांवर राजमुकुटाचा छाप डागू लागले. श्टेटिन किंवा डान्झिगच्या घाऊक व्यापाऱ्याला पिंप फोडून पाहण्याची गरज उरली नाही. माल खासगी, नफा खासगी आणि विश्वासार्हता मात्र सरकारी, अशी ही व्यवस्था होती. बंदरे बांधण्याचे कामही बाजाराने केले नाही. विकनजीकची पुल्टनीटाउन ही वसाहत १७८६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश फिशरीज सोसायटीने, टॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्यानुसार उभारली.

व्यापार स्वतःच्या पायांवर उभा राहिल्यावर, १८३० मध्ये, अनुदान संपवण्यात आले. मुक्त व्यापाराचा घोष त्यानंतरचा आहे. शिडीवरून वर चढून झाल्यावर शिडी काढून घ्यायची आणि खालच्यांना उडी मारण्याचे धैर्य शिकवायचे, ही साम्राज्यशाही राष्ट्रांची रीत या छोट्या धंद्यातही दिसते.

डोंगरातून किनाऱ्यावर

पण नुसत्या अनुदानाने मासे निघत नाहीत. त्यासाठी माणसे लागतात. आणि ज्याच्यापाशी जमीन आहे तो दुसऱ्याच्या पिंपासाठी रात्रभर उघड्या होडीत भिजत बसत नाही. ही माणसे कोठून आली? ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने जमीनदारीच्या मूळ संचयाचा दाखला म्हणून सदरलंड परगण्याची हकिगत दिली आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १८१४ ते १८२० या काळात सदरलंडच्या सरदारणीने सुमारे १५ हजार गेल लोकांना, म्हणजे जवळजवळ तीन हजार कुटुंबांना, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवरून हुसकून लावले. गावे जाळण्यात आली. झोपडी सोडण्यास नकार देणारी एक वृद्धा आगीत जळून मेली. ७ लाख ९४ हजार एकर कुळाची सामाईक जमीन सरदारणीची झाली, तेथे मेंढवाडे उभे राहिले, आणि हुसकलेल्यांना समुद्राकाठी कुटुंबामागे दोन एकर नापीक जमीन मिळाली. १८२५ पर्यंत १५ हजार माणसांच्या जागी १ लाख ३१ हजार मेंढ्या आल्या होत्या.

याच वर्षांत, याच जहागिरीने, हेल्म्सडेल येथे हेरिंग खारवण्याची आवारे बांधली. हा योगायोग नव्हे. डोंगरात लोकर आणि किनाऱ्यावर मासा, असा तो एकच बेत होता. एका हाताने जमीन काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने जाळे पुढे करायचे. ही माणसे मासेमारीवर कशीबशी जगू लागली, तेव्हा माशाचा वास बड्या लोकांच्या नाकापर्यंत पोचला, त्यांनी किनारा लंडनच्या मासळी व्यापाऱ्यांना भाड्याने दिला आणि गेल दुसऱ्यांदा हुसकले गेले, असेही मार्क्सने नमूद केले आहे.

‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टोव हिने १८५४ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात सदरलंड घराण्याची बाजू घेतली आणि या हकालपट्टीला सुधारणेचे नाव दिले. तिच्या यजमान सरदारणीचे दिवाणखाने तेव्हा अमेरिकेतील गुलामांविषयीच्या सहानुभूतीने ओथंबत होते. मार्क्सने १८५३ मध्येच ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मधून या ढोंगाचा समाचार घेतला होता. त्या दिवाणखान्यांतील कोणाला स्कॉटलंडचे हेरिंग इतकी वर्षे कोणाच्या ताटात पडत होते हे विचारावेसे वाटले नाही.

गुलामाच्या ताटातला मासा

ते वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या ताटात पडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्कॉटिश खारवलेल्या हेरिंगची दोन मोठी गिऱ्हाइके म्हणजे आयर्लंडमधील गरीब शेतकरी आणि कॅरिबियन बेटांवरील उसाचे मळे. मळेवाल्याला गुलामासाठी स्वस्त, टिकाऊ आणि खारट असे काहीतरी हवे होते. उष्ण हवेत महिनोन्‌महिने टिकेल अशा पिंपबंद माशाने ती गरज भागवली. हलक्या प्रतीचा, पोटे फुटलेला मालही तेथे खपे, कारण खाणाऱ्याला नाक मुरडण्याचा हक्क नव्हता.

राजकीय अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, हेरिंगचे पिंप हे श्रमशक्ती शक्य तितक्या कमी खर्चात जिवंत ठेवण्याचे साधन होते. साखरेच्या नफ्यातला एक अंश त्या पिंपाने वाचवलेल्या खर्चातून आलेला आहे. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली आणि १८३८ मध्ये उमेदवारीच्या नावाखालील सक्तीची मजुरीही संपली. मालकांना त्यासाठी २ कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना एक पेनीही मिळाली नाही. ज्याला निवड करता येते असा माणूस झाल्यावर कॅरिबियन गिऱ्हाइकाने हेरिंगकडे पाठ फिरवण्यास सुरुवात केली. पुढे १८४५ नंतरच्या दुष्काळाने आयर्लंडचे गिऱ्हाईकही मारले. ‘खुली बाजारपेठ’ जिला म्हणतात, ती एका बाजूला बेडीवर आणि दुसऱ्या बाजूला बटाट्याच्या एका पिकावर टेकलेली होती.

मग व्यापार पूर्वेकडे वळला. श्टेटिन, डान्झिग, क्यॉनिग्सबर्ग, लिबाउ, रीगा, सेंट पीटर्सबर्ग या बंदरांतून पिंपे प्रशिया, पोलंड आणि रशियाच्या अंतर्भागात जात. तेथेही खाणारा तोच होता: जमीनदाराच्या मळ्यावरचा मजूर, गिरणीतला कामगार, झारच्या राज्यात ठरावीक पट्ट्यात कोंडून ठेवलेला गरीब यहुदी. मांस त्यांना परवडत नव्हते, म्हणून हेरिंग खपत होते.

एका साम्राज्यातील दोन प्रकारचे मीठ

भारतीय वाचकाने या वहीतील मिठाचे पान विशेष लक्ष देऊन वाचावे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात, १८०५ पासून, ब्रिटनमध्ये मिठावर बुशेलमागे १५ शिलिंग असा जबर कर होता. पण मासे खारवण्यासाठी लागणारे मीठ त्यातून वगळलेले होते. हमीपत्रांचा जाच होता खरा, तरी निर्यातदाराचे मीठ करमुक्त राहील याची काळजी पार्लमेंटने घेतली होती. १८२५ मध्ये तर मिठावरील कर समूळ रद्द करण्यात आला. या स्वस्त मिठावाचून पुढची लक्षावधी पिंपे भरली गेली नसती.

आता याच राजमुकुटाच्या छत्राखालील दुसरा किनारा पाहावा. बंगालमध्ये कंपनीने मिठाचा मक्ता बसवला होता. एकोणिसाव्या शतकात चेशायरच्या खाणींतील मीठ लिव्हरपूलहून कलकत्त्याला येऊन उतरू लागले आणि समुद्रकाठच्या मलंगी कारागिरांचा परंपरागत धंदा बसला. ज्या लिव्हरपूलच्या मिठाने स्कॉटलंडचा मासा खारवला जात होता, त्याच मिठाने बंगालच्या कारागिराची चूल विझवली. १८८२ मध्ये मिठावरील कर मणाला २ रुपये करण्यात आला, १८८८ मध्ये अडीच रुपये. १९२३ मध्ये विधिमंडळाने नाकारलेली करवाढ व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने स्वतःच्या खास अधिकारात लादली. १९३० च्या सत्याग्रहानंतरही कर उभाच होता. तो गेला १९४७ मध्ये.

मिठाच्या कराचा विचार करताना भाकरी आणि आमटी आठवते. कोळ्याची टोपली सहसा कोणाला आठवत नाही. सरकारचाच मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे याने १८७३ च्या अहवालात दाखवून दिले होते की, मिठाच्या करामुळे भारतीय किनाऱ्यावर मासे नीट खारवणे परवडत नाही. गरीब लोक खाऱ्या मातीने मासे खारवत, तर मीठ खात्याचे शिपाई तेही बंद पाडत. हंगामात तारलीचे थवेच्या थवे येत आणि मिठाअभावी त्यांचे खत होई. पुढे मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यांवर काही सरकारी आवारे उघडण्यात आली. तेथे सवलतीचे मीठ मिळे, पण त्या आवारातच, पहाऱ्याखाली आणि मोजून. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्याला सरकारी अधिकारी पिंपावर राजमुकुटाचा छाप मारून देत होता. रत्नागिरीच्या कोळ्याच्या पाठीशी त्याच सरकारचा पहारेकरी उभा होता. स्पर्धेत कोण जिंकले याचे गोडवे गाणाऱ्यांनी शर्यतीत कोणाचे पाय बांधलेले होते हेही सांगावे.

धोका कोणाचा

मुक्त व्यापाराच्या पुराणात नफ्याचे समर्थन नेहमी धोक्याने केले जाते: व्यापारी धोका पत्करतो, म्हणून नफ्याचा धनी तो. हेरिंगच्या धंद्यात धोक्याची वाटणी कशी होती?

१८४८ च्या ऑगस्टमध्ये, १८ तारखेच्या रात्री समुद्रावर गेलेल्या होड्यांना १९ च्या पहाटे वादळाने गाठले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर १२४ होड्या गेल्या आणि १०० मच्छीमार बुडाले. कित्येकजण बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले, कारण ओहोटीत बंदरात शिरण्याइतके पाणी नव्हते आणि होड्यांवर छप्पर नव्हते. कॅप्टन जॉन वॉशिंग्टन याने १८४९ मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात बंदरांच्या दुरवस्थेवर आणि उघड्या होड्यांवर बोट ठेवले, तसेच मच्छीमाराच्या मोबदल्याचा काही भाग व्हिस्कीच्या रूपाने देण्याच्या रिवाजावरही. पिंप खोलवर तपासणारे सरकार होडीची तपासणी करीत नव्हते.

खारवणीचे व्यापारी आणि होडीवाले यांच्यातील करार हंगामाच्या कितीतरी आधी होत. एका क्रॅनला, म्हणजे साडेसदतीस गॅलन ताज्या माशाच्या मापाला, अमुक शिलिंग असा दर ठरे. ठरावीक मर्यादेपर्यंत, बहुधा दोनशे क्रॅनपर्यंत, माल व्यापाऱ्याने त्या दराने घ्यायचा. जोडीला उचल. या उचलीने मच्छीमार व्यापाऱ्याला बांधला जाई. पण दर तरी आगाऊ ठरलेला असे. १८८० नंतर बँकांच्या पैशावर व्यापाऱ्यांनी एकमेकांवर चढाओढ करून वाटेल ते करार केले, माल बेसुमार निघाला, आणि १८८४ पासून बाल्टिकच्या बाजारात भाव कोसळले. बँकांनी हात आखडला; पेढ्या बुडाल्या. अरिष्टातून व्यापाऱ्यांनी धडा घेतला तो असा की, आगाऊ दराची पद्धतच मोडीत काढावी. यापुढे मासा रोजच्या रोज धक्क्यावर लिलावाने विकायचा. बाजाराच्या चढउताराचा धोका अशा रीतीने व्यापाऱ्याच्या खांद्यावरून उतरून मच्छीमाराच्या खांद्यावर आला, आणि या बदलाला ‘आधुनिकीकरण’ म्हणण्यात येऊ लागले.

हंगामी मजुरी आटल्याबरोबर लूइस बेटावरील भूमिहीनांची उपासमार सुरू झाली. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये ते जमीनदाराच्या हरणांच्या राखीव रानात शिरले आणि त्यांनी हरणे मारली. सरकारने सैन्य पाठवले. हेरिंगच्या भावासाठी सैन्य आले नव्हते, हरणांसाठी आले.

नंतर आल्या वाफेच्या बोटी. त्यांची किंमत शिडाच्या होडीच्या कितीतरी पट. मच्छीमार कुटुंबे दलालांच्या, कोळसेवाल्यांच्या आणि बँकांच्या कर्जात उतरली. १९१३ मध्ये यार्मथच्या बंदरात शरद ऋतूत हजाराच्या वर बोटी जमत. त्या वैभवाच्या छायाचित्रांत कर्जरोखे दिसत नाहीत.

विसार, सुरी, पिंप

आणि आता त्या ब्राँझच्या मुली. व्यापाऱ्याचा माणूस हिवाळ्यात गावोगावी फिरे आणि हंगामाचा विसार हातावर ठेवी. विसार घेतला की हंगाम संपेपर्यंत त्या बांधल्या जात. तिघींची एक टोळी: दोघी मासे साफ करणाऱ्या, तिसरी थर रचणारी. शेटलंडपासून यार्मथपर्यंत, माशाच्या थव्यांमागोमाग, पेट्या घेऊन त्यांचा प्रवास चाले. आखूड सुरीच्या एका फिरकीने कल्ले आणि आतडी बाहेर काढायची आणि त्याच झटक्यात आकाराप्रमाणे मासा मागच्या योग्य टोपलीत टाकायचा. कसलेली बाई मिनिटाला चाळीस ते साठ मासे साफ करी. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. सुरी तरीही लागे, आणि जखमेत मीठ चरत जाई. चर्चच्या मिशनने आवारांजवळ मलमपट्टीची ठाणी उघडली होती. जखम धंद्याची आणि मलम धर्मादायाचे!

काम किती तास? मासा उतरेल तितके. सकाळी सुरू झालेले काम दिव्याच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चाले. कारखाना कायदे कोठे होते, असा प्रश्न कोणी विचारील. ते होते. पण १९०१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाच्या तासांवर घातलेल्या मर्यादांतून मासे खारवण्याचे काम वगळले होते, कारण होडी येताच मासा साफ केला नाही तर तो नासतो. माशाच्या नासण्याची दखल कायद्याने घेतली. बाईच्या शरीराचे काय होते, याची घेतली नाही.

परंतु नासणारा माल ही दुधारी सुरी आहे, हे त्या स्त्रियांनी ओळखले. कोळसा आठवडाभर थांबू शकतो, कापड महिनाभर. हेरिंग संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. हंगामाच्या ऐन भरात काम थांबवले तर मालकाची रात्र झोपेविना जाते. १९३६ मध्ये यार्मथला पिंपामागे १० पेन्स मजुरी मिळे, तीही तिघींत वाटून. म्हणजे हजारापर्यंत मासे साफ करून, खारवून, रचून प्रत्येकीच्या वाट्याला साडेतीन पेन्सही नाहीत. त्यांनी १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स, मागितले आणि सुऱ्या खाली ठेवल्या. एका आवारातून दुसऱ्या आवारात जाऊन त्यांनी इतरांना बाहेर काढले. घरापासून शेकडो मैल दूर, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, हंगाम संपताच पांगणाऱ्या आणि आपसांत गेलिक बोलणाऱ्या या स्त्रियांना संघटित करता येणार नाही, असे मानणाऱ्यांत केवळ मालक नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

‘बोल्शेविकांनी बाजार मोडला’

१९१४ मध्ये जर्मनी आणि रशिया या दोन्ही बाजारपेठा एका दिवसात बंद झाल्या, त्या बोल्शेविकांनी नव्हे, साम्राज्यशाही युद्धाने. १९१७ नंतर रशियन गिऱ्हाईक परत का आले नाही? कारण १९१८ ते १९२० या काळात ब्रिटिश सरकार अर्खांगेल्स्कला पिंपे नव्हे, पलटणी पाठवीत होते आणि क्रांतीची नाकेबंदी करीत होते. १९२१ मध्ये व्यापारी करार झाला, १९२४ मध्ये मजूर सरकारने सोव्हिएत सत्तेला मान्यता दिली. आणि मे १९२७ मध्ये बाल्डविनच्या हुजूर सरकारने आर्कोस या सोव्हिएत व्यापारी संस्थेच्या लंडनमधील कचेरीवर धाड घालून संबंधच तोडून टाकले. ते पूर्ववत व्हायला १९२९ उजाडावे लागले. धक्क्यावर पिंपे कुजत असताना वर्गद्वेषासाठी गिऱ्हाईक घालवणारे सरकार कोणाचे होते?

सोव्हिएत संघाने परदेशी व्यापार राज्याच्या हाती घेतला, भाव घासाघीस करून ठरवला आणि स्वतःचा मासेमारी ताफा उभारला, हेही खरे. त्यात गैर काय? जे ब्रिटनने १७५० पासून केले तेच दुसऱ्याने केले की ते पाप ठरते! शिवाय नॉर्वेची स्पर्धा होती, आणि पुढे हिटलरच्या जर्मनीने स्वयंपूर्णतेच्या नावाखाली आयात आवळली. मुक्त व्यापाराच्या पुराणात या दोघांना बोल्शेविकांइतके महत्त्व मिळत नाही.

१९३५ मध्ये ब्रिटिश सरकारने हेरिंग उद्योग मंडळ स्थापन केले. त्याच्या कामांतील एक महत्त्वाचे काम म्हणजे ‘जास्तीच्या’ बोटी विकत घेऊन मोडीत काढणे. न खपलेले मासे समुद्रात परत ओतले जात होते. नेमक्या त्याच काळात, १९३६ मध्ये, हेरिंगच्याच किनाऱ्यावरील अ‍ॅबर्डीनमध्ये संशोधन करणाऱ्या जॉन बॉइड ऑर याने दाखवून दिले की, आरोग्यास पूर्णपणे पुरेसा आहार ब्रिटनच्या निम्म्या लोकसंख्येलाही धड परवडत नाही. मासा जास्त नव्हता, बोटी जास्त नव्हत्या. कामगाराच्या खिशातले पैसे कमी होते.

अन्नाची भुकटी

दुसऱ्या महायुद्धानंतर पिंप मागे पडले आणि भुकटीचे कारखाने पुढे आले. यांत्रिक रहाटाने ओढल्या जाणाऱ्या प्रचंड वेढा-जाळ्यांनी मोठ्या माशांबरोबर पिल्लेही उपसली. माल माणसाच्या पोटात न जाता कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात गेला. १९६० च्या दशकाअखेरीस नॉर्वे-आइसलंडकडील हेरिंग कोसळले आणि आइसलंडचे सिगलुफ्यॉर्डुर हे गजबजलेले गाव ओस पडले. उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारी १९७७ मध्ये बंदच करावी लागली. ती पूर्णपणे उघडली १९८३ मध्ये. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील जॉर्जेस बँकवर हेरिंग उपसण्यात समाजवादी देशांच्या ताफ्यांचाही मोठा वाटा होता, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. टनांचे लक्ष्य हेच योजनेचे सर्वस्व मानले की समुद्राचा हिशेब चुकतो. पण चूक म्हणून ती तपासता येते. भांडवली ताफ्याच्या बाबतीत ती चूक नसते, तो धंदा असतो.

१९७० च्या दशकापासून सोव्हिएत आणि पूर्व युरोपीय कारखाना-जहाजे उलापूल आणि शेटलंडच्या खाड्यांत उभी राहून हेरिंग व बांगड्याच्या जातीचा मॅकेरल मासा विकत घेत. १९९१ नंतर हीच जहाजे खासगी मालकांच्या हाती आली आणि पगार थकलेले खलाशी घेऊन येऊ लागली. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये लर्विकजवळ अशी जहाजे वादळात फुटली. ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपीय निर्बंधांना उत्तर म्हणून रशियाने युरोपचा मासा बंद केला. बाजार पुन्हा एकदा राजकारणाने बंद झाला. या वेळी दोष द्यायला बोल्शेविक उरले नव्हते. दरम्यान मासेमारीचा हक्क कोटा म्हणून विकाऊ झाला होता. २०१८ च्या एका पत्रकारी तपासात उघड झाले की, ब्रिटनच्या एकूण कोट्यापैकी चतुर्थांशाहून अधिक भाग केवळ पाच धनाढ्य कुटुंबांच्या ताब्यात आहे. सदरलंडच्या सरदारणीने डोंगर घेतला होता, यांनी समुद्र घेतला.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हेरिंगची नातलग तारली आज मोठ्या प्रमाणावर भुकटी आणि तेलाच्या कारखान्यांत जाते. कोकणातील पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश काढला. तो मोडणाऱ्या नौका कोणाच्या आणि त्यांना संरक्षण कोणाचे, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. निर्यातीचा मोठा भाग गोठवलेल्या कोळंबीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा निर्यातदारांनी पहिले काम केले ते आंध्रच्या तळ्यांवरील खरेदीचा भाव पाडण्याचे. आणि कोळंबी सोलणाऱ्या, केरळहून वेरावळपर्यंत नेल्या गेलेल्या मुलींना मजुरी मिळत आली ती तासावर नव्हे, सोललेल्या मालाच्या मापावर. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून, आणि ठेकेदाराकडून घरी आधीच पोचलेल्या उचलीची फेड करीत.